हेन्री फोर्ड : हलकी मोटार, जड हट्ट

शहरातल्या रहदारीत मोटार चालवणाऱ्याचा डावा पाय दिवसभर ज्या कामाला जुंपलेला असतो, ते काम म्हणजे क्लच दाबणे आणि सोडणे. इंजिन फिरत राहावे आणि गाडी मात्र थांबावी, पुन्हा निघताना चाकांना इंजिनाची ओढ एकदम न बसता हळूहळू बसावी, यासाठी ही योजना असते. 'हाफ क्लच'वर गाडी रेटणे, क्लच प्लेट जळणे, गिअर टाकताना खरखर होणे हे शब्दप्रयोग आज घरोघरी ठाऊक आहेत. मात्र मोटारीच्या आरंभकाळात हा एक भाग किती वजनाचा, किती खर्चाचा आणि किती किचकट असावा, यावर त्या मोटारीचे भवितव्य ठरत असे. अमेरिकेतील ज्या उद्योजकाने हे फार लवकर ओळखले आणि पुढे तेच उत्तर फार काळ कवटाळून धरले, त्यांचे नाव हेन्री फोर्ड.

फोर्ड यांचे नाव निघाले की फिरत्या पट्ट्यावरची जुळणी आणि पाच डॉलरची रोजंदारी आठवते. ते योग्यच आहे. पण त्यांच्या उत्कर्षाची आणि पीछेहाटीची कहाणी एका लहानशा जागेतही वाचता येते. ती जागा म्हणजे चालकाच्या पायाखालचे पेडल आणि त्याला जोडलेली चाके, पट्टे व चकत्या.

शेतावरचा मुलगा

३० जुलै १८६३ रोजी मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराजवळच्या एका शेतावर हेन्री यांचा जन्म झाला. वडील विल्यम हे आयर्लंडमधून आलेले शेतकरी. आई मेरी १८७६ मध्ये वारल्या, तेव्हा हेन्री अवघे बारा वर्षांचे होते. शेतीच्या कष्टांविषयी त्यांना पहिल्यापासून तिटकारा होता. यंत्राने जे होऊ शकते ते माणसाने पाठ मोडून का करावे, हा प्रश्न त्यांना लहानपणापासून पडत असे. घड्याळे उघडून पुन्हा जोडणे हा त्यांचा छंद होता.

त्याच सुमारास वडिलांबरोबर घोडागाडीतून डेट्रॉइटकडे जाताना त्यांना रस्त्यावर स्वतःच्या बळावर चालणारे एक वाफेचे इंजिन दिसले. मळणीयंत्र किंवा करवत चालवण्यासाठी अशी इंजिने गावोगाव नेली जात. घोडागाडीला वाट देण्यासाठी ते थांबले होते आणि हेन्री वडिलांना कळायच्या आत खाली उतरून चालकाशी बोलू लागले होते. चाकाला जोडलेली साखळी सोडवता येते, पट्टा चढवून दुसरे यंत्र चालवता येते आणि दातेरी चक्र बाजूला सरकवले की इंजिन चालू असतानाही गाडी थांबवता येते, हे चालकाने त्यांना समजावून दिले. हा प्रसंग फोर्ड आयुष्यभर विसरले नाहीत. फिरते इंजिन चाकांपासून तोडणे आणि पुन्हा जोडणे ही क्लचची मूळ कल्पना अशा रीतीने त्यांनी बाराव्या-तेराव्या वर्षी रस्त्यातच पाहिली होती.

१८७९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते घर सोडून डेट्रॉइटला गेले. आधी एका यंत्रशाळेत आणि नंतर जहाजबांधणीच्या गोदीत त्यांनी उमेदवारी केली. पगारात भागत नसे म्हणून रात्री एका जवाहिऱ्याकडे ते घड्याळे दुरुस्त करीत. रोज दोन हजार घड्याळे बनवली तर एका घड्याळाचा खर्च तीस सेंटच्या आसपास येईल, असा हिशेब त्यांनी त्या वयात मांडला होता. घड्याळ ही प्रत्येकाची गरज नाही, असे वाटल्याने तो बेत त्यांनी सोडला. एकाच नमुन्याची वस्तू प्रचंड संख्येने काढली की ती स्वस्त होते, हे सूत्र मात्र डोक्यात राहिले.

१८८८ मध्ये क्लारा ब्रायंट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९१ मध्ये ते डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरीला लागले आणि दोन वर्षांत मुख्य अभियंता झाले. ६ नोव्हेंबर १८९३ रोजी त्यांचा एकुलता एक मुलगा एडसेल जन्मला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी हेन्री यांनी आपले पहिले पेट्रोल इंजिन स्वयंपाकघरातल्या मोरीच्या कडेला आवळून बसवले. क्लारा यांनी हाताने थेंब थेंब पेट्रोल सोडले आणि धूर व धडधडाटात इंजिन चालू झाले. शेजारच्या खोलीत सात आठवड्यांचा एडसेल झोपला होता.

दोन वेगांची सायकलगाडी

४ जून १८९६ च्या पहाटे फोर्ड यांची पहिली गाडी तयार झाली. ती ज्या छपरीत बांधली होती, तिचे दार गाडीपेक्षा अरुंद निघाले आणि कुऱ्हाडीने विटांची भिंत फोडून गाडी बाहेर काढावी लागली. सायकलची चार चाके, दोन सिलिंडरचे इंजिन आणि सारे मिळून सुमारे ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोच्या आसपास वजन. त्या काळच्या गाड्यांच्या तुलनेत ती फारच हलकी होती.

या गाडीत आजच्या अर्थाचा गिअरबॉक्स नव्हता. चालकाच्या समोर एक दांडा होता. तो पुढे ढकलला की चामड्याचा पट्टा वेगवान चाकावर चढे, मागे ओढला की हळू चाकावर येई आणि दांडा उभा ठेवला की इंजिन मोकळे फिरत राही. ताशी दहा मैल आणि वीस मैल असे दोनच वेग होते. मागे जाण्याची सोय नव्हती. क्लच आणि गिअर ही दोन कामे एकाच दांड्याने आणि एकाच पट्ट्याने उरकली जात. पुढच्या तीस वर्षांतील फोर्ड यांच्या विचाराची दिशा या साध्या जोडणीत दिसते. दोन भागांचे काम एका भागाकडून करून घेता आले तर दुसरा भाग बनवावा लागत नाही, उचलावा लागत नाही आणि तो मोडतही नाही.

यशाचा रस्ता मात्र सरळ नव्हता. १८९९ मध्ये स्थापन झालेली त्यांची पहिली कंपनी दीड वर्षातच गुंडाळावी लागली. दुसऱ्या कंपनीतून भागीदारांशी मतभेद होऊन ते १९०२ मध्ये बाहेर पडले. तीच कंपनी पुढे कॅडिलॅक या नावाने नावारूपाला आली. भागीदारांना श्रीमंतांसाठी महागड्या मोटारी हव्या होत्या, फोर्ड यांचे मन वेगळ्याच मोटारीत गुंतले होते. १६ जून १९०३ रोजी तिसऱ्या प्रयत्नात फोर्ड मोटर कंपनी उभी राहिली. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते.

मॉडेल टी आणि तीन पेडले

१९०७ च्या सुमारास डेट्रॉइटमधील पिकेट अॅव्हेन्यूवरील कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली बाजूला काढण्यात आली. तिथे हंगेरीहून आलेले तंत्रज्ञ जोसेफ गालांब फळ्यावर आकृत्या काढीत आणि फोर्ड खुर्चीत बसून त्यावर तासन्‌तास विचार करीत. धातुशास्त्राची बाजू सी. हॅरॉल्ड विल्स सांभाळीत. वजन कमी करायचे तर भाग बारीक करावे लागतात आणि बारीक भाग टिकायचे तर पोलाद चांगले हवे. यासाठी व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद निवडले गेले. साध्या पोलादापेक्षा ते दुपटीहून अधिक ताण सोसत असे.

त्या काळच्या बहुतेक मोठ्या मोटारींत सरकत्या चाकांचा गिअरबॉक्स असे. एक दातेरी चक्र सरकवून दुसऱ्यात अडकवावे लागे. दोन्हींचा वेग जुळला नाही तर दात घासत, तुटत. क्लच दोनदा दाबून वेग जुळवण्याची कसरत शिकायला आठवडे लागत. कालपर्यंत घोडे हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे जमणे कठीण होते. शिवाय गिअरबॉक्सला वेगळी पेटी, क्लचला वेगळे घर, दोघांना वेगवेगळे वंगण असा सारा संसार लागे.

फोर्ड यांनी त्याऐवजी ग्रहमालेसारखी रचना पसंत केली. मधल्या चाकाभोवती छोटी चाके फिरतात आणि त्यांचे दात नेहमीच एकमेकांत अडकलेले असतात. वेग बदलण्यासाठी काही सरकवावे लागत नाही, फक्त एखादे पिंप पट्ट्याने आवळून थांबवावे लागते. ही कल्पना फोर्ड यांची नव्हे. ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक यांसारख्या गाड्यांत ती आधीच होती आणि फोर्ड यांच्या आधीच्या नमुन्यांतही होती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले ते असे की ही रचना इंजिनाच्या पोटातच बसवली. इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, लोहचुंबक बसवून त्यातूनच ठिणगीसाठी वीज काढली. तेच चाक फिरताना तेल उडवी आणि ते तेल इंजिनालाही मिळे व गिअरलाही. त्यामुळे तेलाचा पंप लागला नाही. त्याच्याच मागे ग्रहचक्रे आणि त्यांच्या मागे तेलात बुडालेल्या पातळ पोलादी चकत्यांचा क्लच. चकत्या दोन डझनांच्या आसपास होत्या, पण आकाराने लहान. सगळे एका आवरणात, एका तेलात.

चालकापुढे तीन पेडले असत. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी हळू वेगात चाले, अर्धे दाबले की न्यूट्रल, सोडून दिले की चकत्या जुळून वरचा वेग मिळे. मधले पेडल मागे जाण्यासाठी आणि उजवे ब्रेकसाठी. गिअर टाकताना दात तुटण्याची भीतीच उरली नाही. नवशिका माणूस एका दुपारीत गाडी चालवू शकत असे.

१ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी बाजारात आली. वजन १२०० पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आतबाहेर. २० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन. किंमत ८२५ डॉलरपासून पुढे. स्वस्त गाड्या बाजारात होत्या, दणकट गाड्याही होत्या. दोन्ही गुण एकत्र असलेली मोटार मात्र सामान्य माणसाच्या आवाक्यात प्रथमच येत होती.

या मोटारीत उणिवाही होत्या आणि मालकांना त्या पाठ होत्या. थंडीत तेल घट्ट झाले की क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहत आणि पुढून हँडल मारून इंजिन चालू करताच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर सरकू लागे. म्हणून हिवाळ्यात मागचे एक चाक जॅकवर उचलून इंजिन चालू करण्याची युक्ती अनेक जण करीत. पट्ट्यांची सुती अस्तरे झिजत, ती बदलावी लागत. लांब चढावर डावे पेडल सतत दाबून धरावे लागे आणि पाय भरून येई. तरीही लोकांनी ही गाडी आपली मानली, कारण बिघडली तर ती पाना-पकडीने घरीच दुरुस्त होत असे.

स्वस्ताईची किंमत

१९१० मध्ये हायलंड पार्क येथील नवा कारखाना सुरू झाला. १९१३ च्या एप्रिलमध्ये फ्लायव्हीलवरचे चुंबक बसवण्याचे काम सरकत्या ओळीवर नेण्यात आले. एक कामगार जे काम वीस मिनिटांत करी, ते अनेकांत वाटल्यावर तेरा मिनिटांवर आणि पुढे पाच मिनिटांवर आले. पाठोपाठ गिअरची जुळणी, मग इंजिन आणि शेवटी संपूर्ण सांगाडा ओळीवर आला. सांगाड्याची जुळणी साडेबारा तासांवरून १९१४ मध्ये ९३ मिनिटांवर उतरली. मोटारींच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली ही पद्धत फ्लायव्हील आणि त्याच्या शेजारच्या भागांपासून सुरू झाली, हे सहसा सांगितले जात नाही.

दिवसभर एकच स्क्रू आवळण्याचे काम माणसांना सोसत नव्हते. चौदा हजारांच्या आसपास कामगार टिकवण्यासाठी १९१३ या एका वर्षात ५२ हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्ड यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली. त्याआधी नऊ तासांना साधारण २.३४ डॉलर मिळत. कारखान्याच्या दारात हजारो लोक लोटले. मात्र पूर्ण रक्कम मिळण्यासाठी कामगाराने घरी कसे राहावे, दारू पितो का, बचत करतो का, याची चौकशी कंपनीचे लोक करीत. मोटारीच्या भागांप्रमाणे माणसेही एका नमुन्याची असावीत, असा त्यामागचा आग्रह होता.

मॉडेल टीची किंमत उतरतच गेली. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त नमुना २६० डॉलरना मिळत होता. १९२३ मध्ये एका वर्षात सुमारे वीस लाख गाड्या निघाल्या. १९२६ मध्ये मुंबईतही फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि पेट्यांतून आलेले भाग येथे जोडले जाऊ लागले.

बदलाला नकार

१९१२ मध्ये फोर्ड युरोपच्या दौऱ्यावर असताना सहकाऱ्यांनी मॉडेल टीची एक सुधारित, थोडी लांब आणि लाल रंगाची प्रत तयार करून ठेवली होती. परत आल्यावर फोर्ड यांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि काही न बोलता तिची दारे उपटली, काच फोडली, छत फाडले, असे त्या काळच्या एका सहकाऱ्याने आठवणींत नोंदवून ठेवले आहे. मॉडेल टीला हात लावायचा नाही, हा संदेश सर्वांना पोचला.

१९१९ मध्ये एडसेल कंपनीचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी इतर भागधारकांचे भाग दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजून विकत घेण्यात आले आणि कंपनी पूर्णपणे फोर्ड कुटुंबाची झाली. अध्यक्ष मुलगा होता, पण निर्णय वडिलांचा चाले. एडसेल शांत, सुसंस्कृत, चित्रकलेची जाण असलेले गृहस्थ होते. लोकांना आता मोटार केवळ स्वस्त नको, ती आरामशीर, देखणी आणि चालवायला हलकी हवी, हे त्यांना दिसत होते. रस्ते सुधारले होते, वेग वाढले होते. दोन वेगांचा गिअर अपुरा पडत होता. इंजिनापुढचा चढ कठीण असला की खालचा वेग फार हळू आणि वरचा वेग फार जड, मधले काही नाही, अशी अवस्था होती. जादा वेग मिळवण्यासाठी मालक पदरचे पैसे घालून मागच्या आसात वेगळी गिअरजोडणी बसवून घेत. मूळ गाडीत जे हवे होते, ते ग्राहक बाजारातून विकत आणत होता.

याच काळात फोर्ड कंपनी सोडून गेलेले विल्यम नुडसेन जनरल मोटर्सच्या शेव्हरले विभागाचे प्रमुख झाले. शेव्हरलेत तीन वेगांचा गिअरबॉक्स होता आणि १९२५ च्या नमुन्यात शंकूच्या आकाराचा जुना क्लच जाऊन एका चकतीचा कोरडा क्लच आला. किंमत फोर्डहून अधिक असली तरी हप्त्यांनी विकत घेता येत असल्याने ती ग्राहकाला झेपत होती. जानेवारी १९२६ मध्ये एडसेल यांचे साडू आणि कंपनीतील वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट कान्झलर यांनी हेन्री यांना विस्तृत टिपण पाठवून नव्या मोटारीची गरज मांडली. टिपणाची भाषा अत्यंत नम्र होती. काही महिन्यांत कान्झलर यांना कंपनी सोडावी लागली.

आकड्यांनी मात्र ऐकले नाही. एकेकाळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक मोटारी फोर्डच्या होत्या, १९२६ मध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आले. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीव्या मॉडेल टीचा सोहळा झाला. गाडी एडसेल चालवत होते, शेजारी वडील बसले होते. त्या वेळी मॉडेल टी बंद करण्याचा निर्णय जाहीर झालेला होता.

एका चकतीचा धडा

कारखाने जवळजवळ सहा महिने बंद राहिले. हजारो कामगारांची चूल विझली. नव्या मोटारीच्या आखणीत बाप-लेकांचे मतभेद पुन्हा उफाळले. हेन्री यांचा जीव अजून ग्रहचक्रांतच गुंतला होता, एडसेल सरकत्या चाकांचा तीन वेगांचा गिअरबॉक्स मागत होते. या वेळी वडिलांनी माघार घेतली. २ डिसेंबर १९२७ रोजी मॉडेल ए लोकांसमोर आली. चाळीस अश्वशक्ती, चारही चाकांना ब्रेक, एडसेल यांच्या नजरेतून उतरलेला देखणा बाज आणि किंमत ३८५ डॉलरपासून. पाहायला लाखोंची गर्दी लोटली.

या गाडीत ग्रहचक्रे गेली, तरी क्लच पहिल्या वर्षी अनेक चकत्यांचाच होता. फरक एवढाच की तो आता तेलात नव्हता, कोरडा होता. आणि इथेच अडचण आली. क्लच किती ओढ सोसेल, हे चार गोष्टींवर ठरते. चकत्यांवरचा दाब, अस्तराची पकड, चकतीचा व्यास आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. तेलात पकड कमी असते, म्हणून तेथे चकत्यांची संख्या वाढवावी लागते. कोरड्या अवस्थेत चांगले अस्तर वापरले तर पकड कितीतरी वाढते आणि एकच मोठी चकती आपल्या दोन बाजूंनी तेच काम करते. उलट चकत्या जास्त ठेवल्या तर प्रत्येक चकती सपाट असावी लागते, प्रत्येकीची झीज सारखी व्हावी लागते आणि पेडल दाबल्यावर सगळ्या एकदम सुटाव्या लागतात. त्यांतली एखादी जरी चिकटून राहिली तरी गिअर टाकताना खरखर होते. गिअरबॉक्सच्या बाजूला फिरणारे वजन जितके अधिक, तितका गिअर जुळायला वेळ लागतो.

१९२८ संपण्यापूर्वीच मॉडेल एमधील अनेक चकत्यांचा क्लच काढून एका चकतीचा कोरडा क्लच बसवण्यात आला. त्यासाठी फ्लायव्हील आणि त्याभोवतीचे आवरणही बदलावे लागले. भागांची संख्या घटली, वजन आणि खर्च घटला, दुरुस्ती सोपी झाली. वीस वर्षांपूर्वी जे सूत्र हेन्री यांनी साऱ्या मोटारीला लावले होते, तेच सूत्र आता त्यांच्या लाडक्या रचनेच्या जागी दुसरी रचना आणत होते. कमीत कमी भागांत काम उरकण्याचा मार्ग १९०८ मध्ये ग्रहचक्रांतून जात होता, १९२८ मध्ये तो एका कोरड्या चकतीतून जाऊ लागला. मधल्या काळात अस्तरे सुधारली होती, पोलाद सुधारले होते, चालकही तयार झाला होता. त्या अस्तरांत तेव्हा अॅस्बेस्टॉस वापरले जाई. त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध पुढे सिद्ध झाला आणि अनेक देशांनी त्यावर बंदी घातली.

वयाच्या सत्तरीकडे झुकलेल्या हेन्री यांनी आणखी एकदा आपली जुनी चमक दाखवली. आठ सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनाचे सांगाडे तोवर अनेक तुकड्यांत ओतून जोडले जात, म्हणून ते महाग पडे. ते एकाच ओतकामात काढण्याचा हट्ट त्यांनी धरला. असंख्य ओतकामे वाया गेली, शेवटी ते साधले. १९३२ मध्ये आलेल्या फोर्ड व्ही-८ मोटारीची किंमत पाचशे डॉलरच्या आत सुरू होत होती. या वेळी हट्ट फळाला आला.

अखेरची वर्षे

पण हट्टाची दुसरी बाजू अधिकाधिक काळवंडत गेली. त्यांच्या मालकीच्या साप्ताहिकाने १९२० पासून ज्यूंविरुद्ध विषारी लेखमाला चालवली. १९२७ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली खरी, पण १९३८ मध्ये नाझी जर्मनीचा मानाचा किताब स्वीकारला. मार्च १९३२ मध्ये बेकार कामगारांच्या मोर्चावर डिअरबॉर्नमध्ये गोळीबार झाला आणि माणसे मेली. २६ मे १९३७ रोजी कंपनीच्या पहारेकऱ्यांनी संघटनेच्या नेत्यांना पुलावर मारहाण केली आणि ती छायाचित्रे देशभर पोचली. कामगार संघटनेशी करार करायला १९४१ साल उजाडावे लागले. तोही मुख्यतः एडसेल आणि क्लारा यांच्या आग्रहामुळे झाला, असे मानले जाते.

एडसेल या साऱ्यात पिचत गेले. त्यांनी दिलेले आदेश वडील परस्पर फिरवीत, त्यांनी नेमलेली माणसे दूर केली जात. २६ मे १९४३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दीड कोटीव्या मॉडेल टीच्या सोहळ्याला त्याच दिवशी सोळा वर्षे पूर्ण होत होती. ऐंशीच्या उंबरठ्यावरचे हेन्री पुन्हा अध्यक्षपदी बसले, पण स्मृती आणि शरीर साथ देत नव्हते. सप्टेंबर १९४५ मध्ये घरातल्याच स्त्रियांच्या, म्हणजे क्लारा आणि एडसेल यांच्या पत्नी एलिनॉर यांच्या दबावामुळे कारभार नातू हेन्री दुसरे यांच्याकडे गेला.

७ एप्रिल १९४७ रोजी रूज नदीला पूर आला होता आणि डिअरबॉर्न येथील फोर्ड यांच्या घराचा वीजपुरवठा तुटला होता. एकेकाळी वीज कंपनीत मुख्य अभियंता असलेल्या या माणसाने त्या रात्री मेणबत्तीच्या आणि रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, ८३ व्या वर्षी, अखेरचा श्वास घेतला.

ज्या ग्रहचक्रांसाठी फोर्ड अडून बसले, ती कल्पना त्यांच्या हयातीतच दुसऱ्या वाटेने परत आली होती. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये बाजारात आणलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये नेहमी अडकलेली चाके आणि आवळणारे पट्टे होते. फरक हा की ते आवळण्याचे काम चालकाच्या पायाऐवजी तेलाचा दाब करीत होता. आजही अनेक स्वयंचलित गाड्यांत ग्रहचक्रे आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच आहे. गिअर हाताने टाकाव्या लागणाऱ्या मोटारींत मात्र एका कोरड्या चकतीचेच राज्य आहे. फोर्ड यांची रचना चुकीची ठरली नाही. ती कोणत्या काळी, कोणत्या गाडीत आणि कोणत्या चालकासाठी योग्य, हे तपासत राहण्याचे त्यांनी सोडून दिले. ते काम त्यांचा मुलगा करू पाहत होता आणि त्याला ते पुरते करू दिले गेले नाही.